श्रमिक पत्रकाराला अभ्यासाची सवड कोण देणार?

वृत्तपत्रात नोकरी करून पोट भरणाऱ्या माणसाला आपल्या कायद्याने 'वर्किंग जर्नलिस्ट' म्हटले आणि मराठीने त्याचे 'श्रमिक पत्रकार' असे भाषांतर केले. हे भाषांतर मुळाहून सरस आहे. पत्रकाराच्या हाती लेखणी असली तरी तो वेतनासाठी आपले श्रम विकणारा कामगारच आहे, ही गोष्ट त्या दोन शब्दांत स्पष्ट होते. पत्रकारांच्या अनेक संघटनांनी हे नाव अभिमानाने धारण केले आणि त्या नावाने पगार, कामाचे तास, बडतर्फी व नुकसानभरपाई यांसाठी लढेही दिले. एका प्रश्नाकडे मात्र या लढ्यांचे फारसे लक्ष गेले नाही. दहा-बारा वर्षे रोजची बातमी लिहिल्यानंतर एखाद्या विषयाचा मुळापासून अभ्यास करावा, असे ज्या पत्रकाराला वाटते त्याने त्यासाठी वेळ कोठून आणावा?

आजच्या व्यवस्थेने या प्रश्नाला 'फेलोशिप', म्हणजे अभ्यासवृत्ती, हे उत्तर दिले आहे. पत्रकाराने अर्ज करावा, निवड झाल्यास काही महिने रोजच्या कामातून मोकळे व्हावे, त्या काळात संस्थेने त्याचा खर्च सोसावा आणि त्याने एका विषयावर सखोल काम करावे, अशी ही योजना असते. कल्पना चांगली आहे, यात शंका नाही. परंतु हा अर्ज प्रत्यक्षात कोण करू शकतो? हे पाहण्यासाठी हार्वर्ड किंवा ऑक्सफर्ड गाठण्याची गरज नाही. चर्चगेटपासून सुमारे साठ किलोमीटरवर, विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात उभे राहून पाहिले तरी पुरे.

मनवेलपाड्याची बातमी

मनवेलपाड्याच्या नावात पाडा उरला आहे. पाड्याच्या जागी चाळी आणि इमारती यांची दाट वस्ती उभी आहे. मुंबईत ज्याला घर परवडत नाही तो कामगार, कारकून, रिक्षावाला, घरकाम करणारी बाई, असे लोक विरार-नालासोपाऱ्याच्या अशा वस्त्यांतून राहतात आणि पहाटेच्या लोकलने मुंबईला कामावर जातात. विरार, नालासोपारा, वसई व नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका झाली. गावांनी या समावेशाला कडवा विरोध केला होता. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. एवढ्या अवधीत एवढे मोठे शहर उभे राहिले. त्या शहराची जमीन कोणी विकली, कोणी घेतली आणि कोणी गिळली, हा कोणत्याही अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला पुरून उरेल असा विषय आहे.

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात विरार पूर्वेच्याच विजयनगर भागातील रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग मध्यरात्रीनंतर कोसळला आणि १७ माणसे दगावली. त्याच वर्षाच्या आरंभापर्यंत नालासोपारा पूर्वेतील ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पाडून टाकण्यात आल्या. कचराभूमी व सांडपाणी प्रकल्प यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर त्या उभ्या होत्या. पैसे मोजून तेथे राहायला आलेली हजारो माणसे रस्त्यावर आली. या दोन्ही घटनांच्या बातम्या आल्या. मृतांची संख्या आली, मंत्र्यांच्या भेटी आल्या, चौकशीची घोषणा आली. काही दिवसांनी बातमी ओसरली.

वस्तुतः घटना घडते एका रात्रीत आणि तिच्यामागची प्रक्रिया चालते पंधरा-वीस वर्षे. आरक्षित जमिनीचा सातबारा कसा फिरला? घरपट्टी, वीजजोडणी आणि नळजोडणी अनधिकृत इमारतीला कोणत्या टेबलावरून मिळाली? घर घेताना मजुराने पैसा कोणाकडून आणि किती व्याजाने उभा केला? इमारत पडल्यावर ते कर्ज कोणी फेडायचे? या प्रश्नांची उत्तरे तलाठी कार्यालय, दुय्यम निबंधक, महापालिकेचे प्रभाग कार्यालय, पतपेढ्या आणि शेकडो घरे एवढ्या ठिकाणी विखुरलेली आहेत. ती गोळा करायची तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावे लागतात, अपिले करावी लागतात, माणसांचा विश्वास संपादन करावा लागतो. रोज संध्याकाळी चार बातम्या धाडणाऱ्या वार्ताहराकडे हा वेळ नसतो. त्याची बुद्धी किंवा निष्ठा कमी पडते असे नव्हे. विरारचा प्रश्न त्याला मुंबईच्या संपादकाहून अधिक कळतो, कारण त्याच्याही घरी टँकरचेच पाणी येते. त्याच्यापाशी नाही तो वेळ.

१९९३ चा एक अर्ज

वेळ मिळाला म्हणजे पत्रकार काय करू शकतो, याचे आपल्याकडील सर्वांत ठळक उदाहरण मुंबईतलेच आहे. पी. साईनाथ हे रुसी करंजिया यांच्या 'ब्लिट्झ' या साप्ताहिकात सुमारे दहा वर्षे काम करीत होते आणि तेथे उपसंपादकपदापर्यंत नव्हे, तर संपादकाच्या खालोखालच्या पदापर्यंत पोहोचले होते. १९९३ मध्ये त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या अभ्यासवृत्तीसाठी अर्ज केला. विषय होता देशातील अतिगरीब जिल्ह्यांतील ग्रामीण जीवन. आर्थिक उदारीकरण सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती. इंग्रजी वृत्तपत्रे शेअर बाजाराच्या उसळीने भारून गेली होती. त्या काळात हा विषय मांडणे आणि तो मान्य करून घेणे हीच मोठी गोष्ट होती.

त्यानंतर साईनाथ काळाहांडी, कोरापूट, पलामू, गोड्डा, सरगुजा, रामनाथपुरम्, पुदुकोट्टई अशा जिल्ह्यांतून हिंडले. मजूर हंगाम संपल्यावर काय खातात, स्थलांतर करून कोठे जातात, सावकाराचे देणे कसे फुगत जाते, शाळा कागदावर असते म्हणजे काय असते, सायकलवर दोन-अडीच क्विंटल कोळसा लादून ती ढकलत नेणाऱ्या माणसाच्या हाती दिवसाअखेर काय पडते, हे त्यांनी लिहिले. दुष्काळाकडे त्यांनी निसर्गाची आपत्ती म्हणून पाहिले नाही. दुष्काळ-निवारणाच्या नावाने येणाऱ्या पैशाची वाटणी कशी होते आणि त्या पैशाची चटक कोणाकोणाला लागते, हे त्यांनी तपशिलाने दाखविले. या वृत्तमालिकेतून १९९६ मध्ये त्यांचे पुस्तक झाले आणि ते मराठीत 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने आले. पुढे विदर्भातील शेतकरी-आत्महत्यांवर त्यांनी वर्षानुवर्षे जे लेखन केले, त्याचा पाया याच काळात घातला गेला. २००७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१४ मध्ये त्यांनी 'पारी' हा ग्रामीण भारताचा संग्रह उभा केला. त्याचे साहित्य मराठीसह अनेक भारतीय भाषांत प्रसिद्ध होते.

या उदाहरणातून दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, अभ्यासवृत्तीचा पैसा देशातील सर्वांत मोठ्या भांडवलदारी वृत्तसमूहाचा होता. तरीही विषय अर्जदाराचा होता आणि त्याने तो सोडला नाही. अर्जाच्या कागदावर जो प्रश्न लिहिला जातो तोच पुढच्या कामाचा कणा ठरतो. 'वसई-विरारमधील समस्या' असा विषय लिहिणाऱ्याला काही मिळत नाही आणि मिळू नयेही. 'अनधिकृत इमारतीत घर घेणाऱ्या मजुराचे कर्ज' असा प्रश्न लिहिणाऱ्याला आपण कोठे जाणार, कोणाला भेटणार आणि कोणती दप्तरे पाहणार, हे सांगता येते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. साईनाथ यांच्या नावामागे जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील इतिहासाचे शिक्षण होते, इंग्रजीवर प्रभुत्व होते आणि गाजलेल्या साप्ताहिकातील मोठे पद होते. त्यांनी या सर्वांचा उपयोग गरिबांच्या बाजूने केला, हा त्यांचा मोठेपणा. परंतु ज्याच्यापाशी हे भांडवल नाही त्याचे काय?

अर्जाचे अर्थशास्त्र

पत्रकारांच्या अभ्यासवृत्तीचे जुने आणि नावाजलेले रूप म्हणजे हार्वर्ड विद्यापीठातील नीमन अभ्यासवृत्ती. अमेरिकेतील एका वृत्तपत्र-संस्थापकाच्या पत्नीने, अ‍ॅग्नेस वाल नीमन यांनी, मृत्युपत्राने ठेवलेल्या देणगीतून ती १९३८ मध्ये सुरू झाली. पुढे जगभर तिच्या धर्तीवर अनेक योजना निघाल्या. त्यांच्या अटींचा साचा बहुधा सारखाच असतो: किमान पाच वर्षांचा अनुभव, इंग्रजीतील विषय-आराखडा, स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या कामाचे नमुने, दोन-तीन मान्यवरांची शिफारसपत्रे आणि कित्येकदा मालकाचे संमतिपत्र.

या अटी मनवेलपाड्यातून वाचल्या की त्यांचा वर्गीय अर्थ उमगतो. जिल्ह्याच्या वार्ताहराला बहुधा नेमणूकपत्रच नसते. त्याला तुटपुंजे मानधन मिळते आणि उरलेली मिळकत जाहिराती गोळा करून त्यांवरील कमिशनातून काढावी लागते. ज्या बिल्डरची जाहिरात आणायची त्याच्याच इमारतीची चौकशी कशी करायची, हा पेच त्याच्यापुढे रोज असतो. ज्याला नेमणूकपत्र नाही त्याने अनुभवाचा दाखला कोठून द्यावा? त्याच्या बातमीवर 'वार्ताहर' एवढेच छापले जाते. मग नावाने प्रसिद्ध झालेला नमुना कोठून आणावा? ज्या संपादकाला त्याने पाहिलेही नाही त्याची शिफारस त्याला कशी मिळावी? आणि मराठीत वीस वर्षे चोख लिहिणाऱ्याने आपली योग्यता इंग्रजी आराखड्यातून का सिद्ध करावी?

या अटींहून मोठी भिंत पैशाची आहे. अर्थशास्त्रात एखाद्या गोष्टीची खरी किंमत ती मिळविताना हातची गेलेली दुसरी गोष्ट, अशी मोजतात. ज्या पत्रकाराच्या घरी दुसरे कोणी कमावते आहे, घर स्वतःचे आहे, त्याला सहा महिन्यांच्या अभ्यासवृत्तीची किंमत फारशी पडत नाही. ज्याचे घरभाडे, मुलांची फी आणि आईचे औषध महिन्याच्या मानधनावर व कमिशनवर चालते, त्याच्या दृष्टीने सहा महिने बाजूला होणे म्हणजे जाहिरातदार गमावणे, आपला भाग दुसऱ्या वार्ताहराच्या हवाली करणे आणि परतल्यावर काम मिळेल याची खात्री नसणे. अभ्यासवृत्तीची रक्कम दोघांना सारखी मिळाली तरी किंमत सारखी पडत नाही. परिणामी खुल्या स्पर्धेच्या नावाखाली निवड आधीच होऊन गेलेली असते. ज्यांना या प्रश्नांची झळ लागते ते अर्जच करीत नाहीत, आणि जे अर्ज करतात त्यांच्यापैकी बहुतेकांना मनवेलपाडा नकाशात शोधावा लागतो. स्त्री पत्रकारांच्या वाट्याला हा भार दुप्पट येतो, हे निराळे सांगावयास नको.

कायद्याने काय दिले, काय दिले नाही

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचा विचार करण्याची एक मोठी संधी आली होती. १९५२ मध्ये न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला. समाजवादी चळवळीचे थोर नेते आचार्य नरेंद्र देव आणि अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव हे त्याचे सदस्य होते. १९५४ मध्ये आयोगाचा अहवाल आला आणि त्याच्या पाठोपाठ १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा झाला. वृत्तपत्र हा केवळ मालकाचा व्यवसाय नाही, तेथे काम करणाऱ्याच्या सुरक्षिततेवर वाचकाचा माहितीचा हक्क अवलंबून आहे, ही दृष्टी त्या कायद्यामागे होती. मालकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण पहिल्या वेतन मंडळाचा निर्णय रद्द केला. पुढील प्रत्येक वेतन मंडळाच्या वेळी अशीच झुंज द्यावी लागली. मजिठिया मंडळाच्या शिफारशींवर शिक्कामोर्तब व्हायला २०१४ साल उजाडले.

या कायद्याने चार आठवड्यांत १४४ तासांची मर्यादा घातली आणि कामावर घालविलेल्या काळाच्या एक-अकरांश इतकी पूर्ण पगारी रजा दिली. त्या काळी हे मोठे पाऊल होते. परंतु हिशेब करून पाहावा. अकरा महिन्यांच्या कामाला एक महिना रजा या दराने नऊ महिन्यांच्या अभ्यासासाठी नव्याण्णव महिने, म्हणजे सव्वाआठ वर्षे, काम करावे लागेल. तेही मधल्या काळात आजारपण, लग्नकार्य किंवा गावची शेती यांसाठी एकही दिवस न घेता आणि एवढी रजा साठवू दिली तर! विद्यापीठातील शिक्षकाला ज्ञान ताजे ठेवण्यासाठी अभ्यासरजा मिळते आणि परत येऊन आपल्याच जागेवर बसता येते. ती मिळते याबद्दल कोणी तक्रार करीत नाही, करूही नये. लाखो वाचकांना रोज माहिती पुरविणाऱ्याला मात्र तसा हक्क नाही.

आता तर पायाच उखडला गेला आहे. चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि १९५५ चा कायदा इतिहासजमा झाला. नव्या व्याख्येत दृक्‌श्राव्य व डिजिटल माध्यमांतील पत्रकार आले, हे खरे. परंतु पत्रकारांसाठीचे स्वतंत्र वेतन मंडळ गेले आणि अभ्यासरजेचा हक्क आला नाही. दुसरीकडे महाराष्ट्र शासन ज्येष्ठ पत्रकारांना आचार्य बाळशास्त्री जांभेकर यांच्या नावाने सन्मान निधी देते. वृद्धपणी आधार दिला जातो, हे योग्यच आहे. पण चाळिशीत ज्याला काम करण्याची सवड मिळाली नाही त्याचा साठीनंतर सन्मान करणे, हा अपुरा न्याय होय.

एक आक्षेप

काही कार्यकर्ते म्हणतील की, अभ्यासवृत्ती हे भांडवलदारांचे दानधर्माचे सोंग आहे. पैसा देणारा विषयही ठरवितो आणि पत्रकाराची धार बोथट करतो. या आक्षेपात तथ्य आहे. दात्याला आरोग्य, पोषण, पर्यावरण हे विषय आवडतात. जमिनीची मालकी, कंत्राटी मजुरी, वेठबिगारी हे विषय आले की समितीला घाम फुटतो. पाणीटंचाईवर लिहिण्यास पैसा मिळतो, टँकरच्या धंद्यावर मिळणे कठीण जाते. तरीही त्यावरून अभ्यासवृत्तीच टाकाऊ ठरत नाही. कामगार मालकाच्या कारखान्यात काम करतो म्हणून आपण त्याला वेतन नाकारावयास सांगत नाही. वेतनाच्या अटींसाठी लढावयास सांगतो. येथेही लढा अटींचा आहे. विषय अर्जदाराचा असावा, लेखनावर दात्याचा अंकुश नसावा, काम कोणत्याही वृत्तपत्रात प्रसिद्ध करण्याची मुभा असावी आणि परतल्यावर नोकरी शाबूत असावी. ज्या योजनेत या अटी पाळल्या जातात तिचा लाभ आपल्या पत्रकारांनी निःसंकोच घ्यावा.

चळवळीचे काम

म्हणून या प्रश्नावर दोन पातळ्यांवर काम झाले पाहिजे. पहिली पातळी मागणीची. सात वर्षे काम केलेल्या प्रत्येक पत्रकाराला, तो कायम असो, कंत्राटी असो की मानधनावरचा वार्ताहर असो, अभ्यासरजेचा व पुन्हा कामावर येण्याचा कायदेशीर हक्क मिळावा. त्यासाठी लागणारा निधी वृत्तपत्रांना मिळणाऱ्या सरकारी जाहिरातींच्या रकमेवर अल्प अधिभार बसवून उभारता येईल. तो मंत्रालयाच्या हाती न देता पत्रकार संघटना, विद्यापीठे व वाचकांचे प्रतिनिधी यांच्या स्वायत्त मंडळाकडे असावा. अर्ज मराठीत स्वीकारले जावेत आणि ग्रामीण व उपनगरी भागांतील वार्ताहरांसाठी जागा राखून ठेवाव्यात.

दुसरी पातळी आपल्या हातातली आहे. १८८० मध्ये 'दीनबंधू'ची सूत्रे हाती घेणारे नारायण मेघाजी लोखंडे कोणा धनिकाच्या शिष्यवृत्तीची वाट पाहत बसले नाहीत. गिरणीतील कामगारांचे हाल त्यांनी आपल्या पत्रातून मांडले आणि कामगारांना संघटितही केले. आज कामगार संघटना, सहकारी पतसंस्था, सार्वजनिक वाचनालये आणि शिक्षक संघटना यांनी मनावर घेतले, तर प्रत्येक जिल्ह्यात वर्षाला एका वार्ताहराला सहा महिन्यांचे घरखर्चाचे पैसे देणे अशक्य नाही. त्या कामाला हे साप्ताहिक आणि अशी इतर नियतकालिके आपली पाने देऊ शकतात. पक्षाच्या शाखांना याहून सोपी मदतही करता येईल. वार्ताहराला माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देणे, वकील मिळवून देणे, आराखड्याचे इंग्रजी करून देणे, वस्तीतील कुटुंबांशी गाठ घालून देणे, ही कामे कार्यकर्त्यांनी केली तर मनवेलपाड्याचा अर्ज मुंबई-दिल्लीच्या अर्जाच्या बरोबरीने टेबलावर येईल. मदत केली म्हणून त्याच्या लेखनावर मात्र हक्क सांगू नये. जो वार्ताहर उद्या बिल्डरची चौकशी करील तो परवा आपल्याही नगरसेवकाला प्रश्न विचारील. आणि त्याने तो विचारला पाहिजे.

पुढची इमारत कोणत्या गल्लीत पडेल, हे मनवेलपाड्यातील माणसांना पुष्कळदा आधी ठाऊक असते. पडण्यापूर्वी ते छापून यावे असे वाटत असेल, तर ते शोधून लिहिणाऱ्याच्या सहा महिन्यांच्या भाकरीची जबाबदारी समाजाने उचलली पाहिजे. ती जबाबदारी बाजार उचलणार नाही आणि सरकार आपण होऊन उचलील अशी चिन्हे नाहीत. आरंभ श्रमिकांच्या संघटनांनाच करावा लागेल.